दोर, दावे, कासरा : दोरवाचक शब्दांचे अर्थ आणि उगम

दोर म्हणजे वनस्पतीच्या, कापसाच्या किंवा कृत्रिम तंतूंना पीळ देऊन, असे पिळलेले पेड एकमेकांभोवती वळवून तयार केलेला लांब, लवचीक बंध. या वस्तूचे मराठीत एकच एक नाव नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातल्या एखाद्या जुन्या गोठ्यात म्हैस दाव्याने बांधलेली असते, बैलाच्या नाकात वेसण आणि डोक्याला म्होरकी असते, गाडीवानाच्या हाती कासरा असतो आणि आढ्याला टांगलेले शिंकेही दोरीनेच गुंफलेले असते. या सगळ्यांना सरसकट ‘दोरी’ म्हटले तर ते चूक ठरत नाही. मात्र ‘दोरी आण’ म्हटल्यावर ‘कसली?’ असा प्रश्न येतो. ‘कासरा आण’ म्हटल्यावर येत नाही. दोराचे नाव रूपावरून क्वचित पडते, कामावरून बहुधा पडते. या शब्दसमूहाचे हेच मुख्य लक्षण आहे, आणि शब्दांचे अर्थ कसे बदलले, कोणते टिकले आणि कोणते मागे पडले, याचा उलगडाही त्यातूनच होतो.

गोठ्यातले शब्द

दावे म्हणजे जनावर खुंट्याला बांधण्याचा आखूड दोर. संस्कृतात त्याला ‘दामन्’ म्हणतात. ‘दा’ या धातूचा एक अर्थ बांधणे असा आहे. दामन् म्हणजे ज्याने बांधायचे ते. प्राकृतात त्याचे ‘दाम’ झाले आणि मराठीत दोन स्वरांमधल्या ‘म’चा ‘व’ झाला. नाम-नाव आणि ग्राम-गाव या जोड्यांत जो बदल दिसतो, तोच दाम-दावे या जोडीत आहे. यशोदेने दह्यादुधाची नासाडी करणाऱ्या कृष्णाच्या पोटाला दावे बांधले म्हणून तो दामोदर झाला. देवाच्या नावातले दाम आणि गोठ्यातले दावे हा एकच शब्द आहे.

दावण हा याच घरातला दुसरा शब्द. दोन मेखांमध्ये ताणून बसवलेला लांब दोर म्हणजे दावण. तिला ओळीने दावी अडकवायची आणि प्रत्येक दाव्याला एक जनावर बांधायचे. पुढे दोराचे नाव जागेला आणि जनावरांच्या ओळीलाही लागले. ‘त्याच्या दावणीला चार म्हशी आहेत’ असे म्हणताना दोर मनात नसतो. गोठा आणि त्याचे धन मनात असते.

कचेरीत दाखल होणारे ‘दावे’ मात्र या कुळातले नाहीत. तो अरबीतून फारसीमार्गे आलेला ‘दावा’ हा पुल्लिंगी शब्द. त्याचे अनेकवचन दावे. गोठ्यातले दावे नपुंसकलिंगी आणि एकवचनी. त्याचे अनेकवचन दावी. सामान्यरूप मात्र दोन्हींचे सारखेच होते. ‘दाव्याचा निकाल’ आणि ‘दाव्याची गाठ’ यांतला फरक केवळ संदर्भाने कळतो.

वेसण, म्होरकी आणि कासरा हे तीन दोर मिळून बैल हाकण्याची एक व्यवस्था होते. म्होरकी बैलाच्या डोक्याभोवती बसते आणि तोंडाला वळण देते. वेसण नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पाडून त्यातून ओवलेली असते. हा भाग नाजूक असल्याने थोड्या ओढीनेही बैल थांबतो किंवा वळतो. कासरा हा लांब दोर वेसणीपासून निघून गाडीवानाच्या किंवा नांगरणाऱ्याच्या हातापर्यंत येतो. वेसणीत धाक आहे, तर कासऱ्यात इशारा. तरबेज गाडीवान कासरा ओढत नाही, नुसता हलवतो.

जनावराला कामाला जोडणारा दोर निराळा. बैलाच्या मानेखालून जाऊन त्याला जूशी अडकवणाऱ्या दोराला किंवा पट्ट्याला जोते म्हणतात. काही भागांत त्याला जुपणी असेही नाव आहे. जोते हा संस्कृत ‘योक्त्र’चा वंशज. ज्या ‘युज्’ धातूपासून तो निघाला, त्यातूनच योग, योजना आणि युग हे शब्द आले. युग म्हणजे मुळात जोखड. त्याचेच मराठीत जू झाले. जर्मन भाषेत जोखडाला ‘योख’ म्हणतात. तो शब्दही याच मुळाचा.

विहिरीवरचे शब्द

डिझेल इंजिने आणि विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीचे पाणी मोटेने, म्हणजे बैलांनी ओढायच्या चामडी पिशवीने, निघत असे, आणि मोटेला दोन दोर लागत: नाडा आणि सोंदूर. नाडा जाड. तो मोटेच्या तोंडाला बांधलेला असे आणि वरच्या चाकावरून जाऊन बैलांच्या जूला जोडलेला असे. सोंदूर त्याहून बारीक. तो मोटेच्या खालच्या चामडी सोंडेला बांधलेला असे आणि पाणी पडते त्या थारोळ्याच्या काठावरच्या खालच्या रुळावरून जाई. बैल उतरत्या धावेवरून पुढे गेले की भरलेली मोट वर येई. ती वर येत असताना सोंदूर सोंड वर दुमडून धरत असे, त्यामुळे पाणी सांडत नसे. मोट वरच्या टोकाला पोचली की नाडा तिचे तोंड वर ओढून धरी आणि सोंदूर सोंडेला खालच्या रुळावरून थारोळ्यात ओढी. दोन दोरांच्या उंचीतल्या फरकामुळे मोट आपोआप रिती होई. तिला हात लावायची गरज नसे.

नाडा हा शब्द नाडी, नाळ आणि नळी यांच्या गणगोतातला आहे. संस्कृतात ‘नाडी’ म्हणजे पोकळ देठ, नळी, शीर. लांब, बारीक आणि आतून काही वाहणारे, हा मूळ भाव. मराठीत त्यातला लांबपणा उरला आणि पोकळपणा गळला. म्हणून वैद्याच्या हाताखालची नाडी, लेंग्याची नाडी आणि मोटेचा नाडा हे एकाच घरातले तीन शब्द अगदी निरनिराळ्या कामाला लागले. ‘आर्थिक नाड्या आवळल्या’ या वाक्यात शीर आवळली की दोरी, हे बोलणाऱ्यालाही सांगता येणार नाही. दोन्ही अर्थ तिथे एकत्र नांदतात.

आडातून पोहऱ्याने पाणी शेंदण्याचा दोर हातात धरण्याइतपत बारीक, पण ओलसर राहूनही न कुजणारा असावा लागे. त्यासाठी काथ्याचा दोर सोयीचा. काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणाचा तंतू. मल्याळममध्ये त्याला ‘कयर’ आणि तमिळमध्ये दोराला ‘कयिरु’ म्हणतात. पोर्तुगीजांनी हा शब्द उचलला आणि तो युरोपभर गेला. इंग्रजीतला ‘कॉयर’ तो हाच.

वाख, पीळ आणि गुण

देशावर दोराचा कच्चा माल शेतातच होता. अंबाडी बहुधा पिकाच्या कडेने लावली जाई, ताग वेगळा पेरला जाई, आणि घायपात बांधावर कुंपण म्हणून उभी असे. घायपात मूळची अमेरिका खंडातली. केकताड हे तिचे या भागात कानावर पडणारे दुसरे नाव. अंबाडीची आणि तागाची ताटे कापून, मोळ्या बांधून पाण्यात कुजत ठेवतात. साल सैल झाली की ती सोलून, आपटून, धुऊन वाळवतात. घायपातीची पाने ठेचून आणि खरवडून आतले पांढरे तंतू मोकळे करतात. अशा तयार तंतूला वाख म्हणतात. संस्कृतात झाडाच्या सालीला ‘वल्क’ हा शब्द आहे. ऋषींचे वल्कल आणि दोराचा वाख त्याच शब्दाकडे जातात.

दोर ‘करत’ नाहीत, ‘वळतात’. वाखाचा झुपका किंचित ओला करून त्याचे एक टोक फिरकीला अडकवायचे. एकजण फिरकी फिरवतो. दुसरा मुठीतून वाख थोडा थोडा सोडत मागे मागे सरकतो. त्याच्या बोटांना वाखाची जाडी कळत असते. कुठे बारीक पडले तर तो थांबून चार तंतू वाढवतो. असे तीन पेड तयार झाले की ते एकत्र अडकवून उलट्या दिशेने पीळ देतात. या उलट्या पिळात दोराचे सारे बळ आहे. प्रत्येक पेड आपला मूळ पीळ उलगडू पाहतो. पण पेडांना एकत्र दिलेला पीळ विरुद्ध दिशेचा असल्याने एकाची उलगडण्याची ओढ दुसऱ्याला आणखी घट्ट करते. दोन उलट पीळ एकमेकांना रोखून धरतात, म्हणून दोर सुटत नाही. कापसाचा एक तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर लांब असतो. त्याचा कित्येक मीटर लांब दोर होतो आणि त्यावर माणूस लोंबकळू शकतो, कारण ताण वाढला की पिळलेले तंतू एकमेकांवर अधिक दाबले जातात आणि घर्षणाने घट्ट धरून राहतात.

‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण या रचनेचे प्रत्यक्ष निरीक्षण आहे. सुंभ म्हणजे काथ्याची किंवा गवताची जाडीभरडी दोरी. ती जळून राख झाली तरी, धक्का लागला नाही तर, राखेवर पेडांच्या तिरप्या रेघा जशाच्या तशा दिसतात. वैभव गेले तरी ताठा न सुटलेल्या माणसाला ही म्हण लागू झाली, ती यामुळेच.

पीळ हा शब्द ‘पिळणे’ या क्रियापदातून आला आणि ते संस्कृत ‘पीड्’ म्हणजे दाबणे, चेपणे या धातूपर्यंत पोचते. पीडा, उसाच्या चरकातले पिळणे आणि दोराचा पीळ यांचे मूळ एकच. पेडाला संस्कृतात ‘गुण’ म्हणत. दोन पेडांचा दोर द्विगुण, तीन पेडांचा त्रिगुण. ‘दुप्पट’ या अर्थाने द्विगुणित हा शब्द आणि गणितातला गुणाकार यांचे मूळ या पेडांच्या मोजणीत आहे. सत्त्व, रज आणि तम या तीन गुणांनी जीव बांधला जातो, असे तत्त्वज्ञान सांगते तेव्हा ‘गुण’ शब्दातला तिपेडी दोर अजून पुसलेला नसतो.

दोर वळणे हे कसबाचे काम होते आणि गावगाड्यात ते परंपरेने मातंग समाजाकडे होते. शेतकऱ्याला लागणारे नाडे, कासरे, दावी आणि वेसणी ही मंडळी पुरवत आणि सुगीला त्याबदली धान्याचे बलुते घेत. दोराच्या प्रकारांची इतकी बारीक नावे मराठीत टिकली, यामागे शेतकऱ्याची गरज आहे तसाच या कारागिरांचा व्यवहारही आहे. मागणी करताना लांबी, जाडी आणि पेड सांगत बसण्यापेक्षा एक नाव पुरे होई.

दोर, रस्सी, सूत आणि रज्जू

सर्वसाधारण अर्थाचे शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले. दोर हा शब्द प्राकृतात ‘दोर’ आणि ‘दवर’ अशा रूपांत मिळतो. त्याचे लहान रूप दोरी, त्याहून बारीक तो दोरा. लिंग आणि प्रत्यय बदलून जाडी सांगण्याची ही मराठीची जुनी रीत आहे. फार जाड दोराला दोरखंड म्हणतात, आणि ओबडधोबड लांबलचक दोराला चऱ्हाट.

रस्सी हा शब्द हिंदीतही आहे आणि मराठीत तो रस्सीखेचीमुळे घट्ट रुजला. त्याचे मूळ संस्कृत ‘रश्मि’. रश्मि म्हणजे आधी घोड्याचा लगाम किंवा दोर, आणि त्याचबरोबर सूर्याचा किरण. सूर्याचा रथ आणि त्याचे घोडे डोळ्यांसमोर आणले की या दोन अर्थांतले अंतर मिटते. आज मुलीचे नाव म्हणून ‘रश्मी’ ठेवताना किरणच आठवतो. दोर रस्सीकडे राहिला.

रज्जू हा शब्द थेट संस्कृतातून उचललेला आहे आणि तो घरात नाही, पुस्तकात वावरतो. शरीरशास्त्रातला मेरुरज्जू आणि वेदान्तातला रज्जुसर्प ही त्याची दोन ठिकाणे. अंधारात दोरीवर साप भासणे हे भ्रमाचे उदाहरण आपल्याकडे इतके नेमके बसले, कारण दोरी हीच घरात कुठेही, कशीही पडलेली सापडणारी वस्तू होती.

सूत हे ‘सूत्र’चे मराठी रूप. सुतळी, सूतगिरणी, मंगळसूत्र आणि नाटकातला सूत्रधार ही त्याची संतती. सुतार हा शब्दही ‘सूत्रधार’ याच शब्दाकडे जातो. लाकूड कापण्याआधी रंगात बुडवलेले सूत ताणून, बोटाने उचलून सोडले की लाकडावर सरळ रेघ उमटते. ती रेघ आखणारा तो सुतार. ‘सुतासारखा सरळ झाला’ हा वाक्प्रचार या ताणलेल्या सुताचा आहे. सुतारकामात आणि गवंडीकामात सूत हे मापही आहे: एका इंचाची आठ सुते. वेदकाळातल्या यज्ञवेदी मोजण्याच्या ग्रंथांना शुल्बसूत्रे म्हणतात. ‘शुल्ब’ म्हणजे दोर. मोजण्याचा दोर आणि शास्त्राचे नाव असे एकत्र आले. आजचा गवंडी भिंतीचा थर रचताना दोन टोकांना लाइनदोरी ताणतो, तेव्हा तेच जुने काम चालू असते.

हातकणंगले तालुक्यात ‘सूत’ म्हटले की इचलकरंजी आठवते. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि गावाचे पुढे वस्त्रनगरीत रूपांतर झाले. एकाच तालुक्यात एका बाजूला अंबाडीच्या वाखाचा दोर आणि दुसऱ्या बाजूला कापसाचे सूत असे दोन धागे चालत राहिले.

जर्मन ‘झाइल’ आणि मराठी ‘सेतू’

हीच व्यवस्था दूरच्या भाषांतही दिसते. जर्मन भाषेत दोराला सर्वसाधारण शब्द ‘झाइल’ असा आहे. गिर्यारोहकाचा दोर, खाणीतला पाळणा खालीवर करणारा दोर आणि डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणाऱ्याच्या पायाखालचा दोर, सगळे झाइल. एका दोराला बांधून डोंगर चढणाऱ्या गटाला ‘झाइलशाफ्ट’ म्हणतात, आणि राजकारणात एकमेकांना वर ओढणाऱ्या टोळक्यालाही तेच नाव पडले आहे.

‘झाइल’चे मूळ ‘बांधणे’ अर्थाच्या एका आदिम धातूत आहे. हाच धातू संस्कृतात ‘सि’ असा दिसतो, आणि त्यापासून ‘सेतु’ हा शब्द झाला. ऋग्वेदात सेतु हा बंध किंवा बेडी या अर्थानेही येतो. पुढे पाणी बांधून ठेवणारा बांध आणि दोन काठ बांधणारा पूल असे त्याचे अर्थ स्थिरावले. जर्मनीत दोर झाला, भारतात पूल झाला. मूळ काम बांधण्याचेच. ‘बंध्’ या दुसऱ्या धातूचीही कथा अशीच आहे. त्यातून मराठीत बंध, बांध आणि बंधारा आले, आणि जर्मनमध्ये ‘बिंडेन’ म्हणजे बांधणे आणि ‘बांड’ म्हणजे फीत. पंचगंगेवर रुईला जो बंधारा आहे, त्या धर्तीच्या बांधकामाला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असे नाव आहे. दगडी खांबांमधल्या गाळ्यांत पावसाळा सरल्यावर फळ्या किंवा बरगे बसवायचे आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढायचे, अशी त्याची रीत. नदी दाव्याने बांधावी आणि वेळ आली की सोडावी, तसा हा प्रकार; आणि शब्दही त्याच अर्थाचा.

जर्मनमध्येही नावे कामावरून पडतात. जहाजावरचा जाड दोर ‘टाउ’. फास, पाश या अर्थाने सुरू झालेला आणि आज साध्या दोरालाही लागणारा शब्द ‘श्ट्रिक’. फाशीच्या दोरालाही तेच नाव. मराठीत ‘पाश’पासून फास आणि फाशी झाले, ती वाट अगदी समांतर आहे. ‘टाउ’ या शब्दाची गंमत दाव्यासारखीच. नपुंसकलिंगी ‘टाउ’ म्हणजे दोर आणि पुल्लिंगी ‘टाउ’ म्हणजे दव. लेखन आणि उच्चार एक, उगम दोन, आणि फरक कळतो तो लिंगाने.

जहाजाचे दोर फार लांब लागत. ते वळण्यासाठी शेकडो मीटर सरळ, मोकळी वाट हवी असे. हांबुर्ग शहरातल्या ‘रेपरबान’ या प्रसिद्ध रस्त्याचे नाव त्यामुळे पडले. त्याचा अर्थ दोर वळणाऱ्यांची वाट. वाखाच्या दोराची मर्यादा मात्र खाणींत जाणवू लागली. १८३४ मध्ये हार्ट्स पर्वतातल्या क्लाउस्टाल इथे खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी लोखंडी तारांचा दोर तयार करून वापरात आणला. त्यात तीन पेड होते आणि प्रत्येक पेडात चार तारा. द्रव्य बदलले, तरी पेड आणि पीळ यांची रीत अंबाडीच्या दोराचीच राहिली. रायगडावर माणसे चढवणारा रोपवे अशाच तारांच्या दोरावर चालतो.

सीमाभागातली ‘कर’ आणि कन्नड ‘हग्ग’

हातकणंगले तालुका कर्नाटकाच्या सीमेलगत आहे, त्यामुळे इथल्या कानांना कन्नडही परकी नाही. कन्नडमध्ये दोराला ‘हग्ग’ म्हणतात. त्याचे जुने रूप ‘पग्ग’, आणि ते संस्कृत ‘प्रग्रह’ म्हणजे लगाम, दोर या शब्दाशी जोडले जाते. कन्नडमध्ये शब्दारंभीच्या ‘प’चा ‘ह’ होणे हा मध्ययुगातला मोठा ध्वनिबदल आहे. पौर्णिमेचे पुण्णिमे आणि मग हुण्णिमे झाले, तेही त्याच बदलाने.

या भागात बैलांचे दोन सण होतात. महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात, आणि कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला. कर्नाटकी बेंदराला इचलकरंजीत कर तोडण्याचा कार्यक्रम असतो. कर म्हणजे वाटेवर आडवा बांधलेला, पानांचे तोरण गुंफलेला दोर. सजवलेले बैल धावत येऊन तो तोडतात आणि लोक जल्लोष करतात. कन्नड मुलखात हाच दोर तोडण्याला ‘करि हरियुवुदु’ म्हणतात. ज्या रंगाचा बैल आधी दोर तोडेल त्या रंगाचे पीक त्या वर्षी चांगले येईल, असा समज आहे. वर्षभर ज्या जनावराला दोराने बांधले, त्याच्याकडून सणाच्या दिवशी दोर तोडून घ्यायचा, असा या विधीतला उलटा क्रम आहे. त्याच पौर्णिमेला घरोघरच्या बायका वडाला सूत गुंडाळून फेरे घालतात. एका दिवसात एक दोर तुटतो आणि एक सूत बांधले जाते.

वाक्प्रचारांतला दोर

वस्तू म्हणून दोर जितका बारकाईने ओळखला जाई, तितक्याच बारकाईने तो भाषेत उतरला. बेफाम झालेल्याला रोखायचे तर वेसण लागते. ‘महागाईला वेसण घातली’ असे म्हणतात. महागाईला कोणी दावे घालत नाही, कारण दाव्याने जनावर एका जागी राहते, आवरले जात नाही. उलट स्वातंत्र्य गमावून कोणाच्या आश्रयाला गेलेल्या माणसासाठी वेसण कामाची नाही. तो ‘दावणीला बांधला गेला’. पडद्याआडून कारभार करणारा ‘सूत्रे हलवतो’, कारण कळसूत्री बाहुल्यांना सूत असते. तपास करणाऱ्या पोलिसांना ‘धागेदोरे’ सापडतात. टोक धरून गुंता सोडवता येईल एवढी बारीक वस्तू तिथे हवी असते. न संपणारे कंटाळवाणे बोलणे म्हणजे ‘चऱ्हाट’, कारण लांबी भरपूर आणि रेखीवपणा शून्य. आयुर्मानाला दोरी: ‘आयुष्याची दोरी बळकट’.

‘परतीचे दोर कापणे’ या वाक्प्रचारामागे सिंहगडाची कथा आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे दोरावरून कडा चढून गडावर गेले, तानाजी मालुसरे पडल्यावर फौजेचा धीर खचला, आणि त्यांचा भाऊ सूर्याजी याने दोर कापल्याचे सांगून माघारी पळणाऱ्यांना पुन्हा लढायला उभे केले, असे परंपरा सांगते. जर्मनमध्ये ‘सगळे दोर तुटले तर’ असे म्हणतात, तेव्हा अर्थ असतो ‘काहीच जमले नाही तर शेवटचा उपाय म्हणून’. तिथे दोर तुटणे ही आपत्ती आहे. मराठीत दोर कापणे हा निश्चय आहे.

आजचा शब्दसंग्रह

आज बाजारात दिसतो तो मुख्यतः नायलॉनचा किंवा प्लॅस्टिकचा दोर: हिरवा, निळा, पिवळा, वजनावर विकला जाणारा. तो पाण्याने कुजत नाही आणि वर्षानुवर्षे टिकतो. त्याच्या गुळगुळीतपणामुळे साधी गाठ घसरते, म्हणून एक वेढा जास्त द्यावा लागतो. वाख सोलणे, पेड वळणे ही कामे थांबली तशी त्यांची क्रियापदेही रोजच्या बोलण्यातून ओसरली.

नावांचे नशीब मात्र सारखे नाही. मोट बंद झाली तेव्हा नाडा आणि सोंदूर दोघांचेही काम संपले. नाड्याला नाडीचा आणि नाड्या आवळण्याचा आधार होता, म्हणून तो शब्द ओळखीचा राहिला. सोंदूर कोणत्याही म्हणीत किंवा वाक्प्रचारात शिरला नव्हता. तो मोटेबरोबर गेला आणि आता कोशात आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत सापडतो. वेसण बैलांपेक्षा वर्तमानपत्राच्या मथळ्यांत अधिक दिसते. दावे आणि दावण यांना दोन्हीकडे काम आहे: पेठ वडगावच्या बाजारात विकत घेतलेली म्हैस घरी आणली की तिला आजही दावे लागते, मग ते वाखाचे असो वा नायलॉनचे. दोराचे द्रव्य बदलले तरी जोवर त्याचे काम उरते, तोवर त्याचे नाव बदलत नाही.